रुमालाखालचा आकडा

मराठी माणसाने पडद्यावर पाहिलेलं पहिलं ‘एरर पेज’ कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे : मुंबई दूरदर्शनवरची ‘व्यत्यय’ ही पाटी. नाटक ऐन रंगात आलेलं असायचं, चित्र तुटायचं आणि तो एक शब्द येऊन बसायचा. घरातली माणसं हळहळायची, पण त्या पाटीने तीन गोष्टी एका दमात सांगितलेल्या असत. संच बिघडलेला नाही, वीज गेलेली नाही, आणि अँटेना फिरवायला कुणी गच्चीवर जायचं कारण नाही. दोष तिकडचा आहे, आपण बसून राहायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या असत्या तर यातलं काहीच कळलं नसतं.

या पाटीची दुसरी खुबी प्रेक्षकाला दिसत नसे. ती वेगळी, तयार ठेवलेली असे. जो कार्यक्रम बंद पडला त्याच्या फितीवर ती असती, तर फितीबरोबर तीही अडकली असती.

अशा पाट्या तयार ठेवणं हा माझ्या व्यवसायाचा एक भाग आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागातल्या एका गाळ्याच्या माडीवर माझी दोन टेबलांची कचेरी आहे. खाली हळदीची पोती उतरतात, वर मी काही आडत्यांची, मसाल्याच्या व्यापाऱ्यांची आणि एका वाहतूकदाराची संकेतस्थळं सांभाळतो. यार्ड म्हणजे एकच बाजार नव्हे. भुसार, गूळ, फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा, फुलं असे कितीतरी बाजार एका कुंपणात आहेत, आणि राज्याच्या कृषि पणन मंडळाचं मुख्यालयही इथेच आहे. सगळ्यांचा मुख्य माल एकच म्हणता येईल : भाव. डाळिंब, झेंडू किंवा शेंगदाणा नंतर येतो. त्याचा आजचा भाव आधी फोनवरून गावोगाव पोचलेला असतो. म्हणून इथे एखादं पान उघडलं नाही, किंवा चुकीचं उघडलं, तर त्याचा अर्थ पुस्तकांच्या दुकानाच्या संकेतस्थळापेक्षा वेगळा होतो. कुणीतरी रात्री टेम्पो भरायचा की नाही हे त्या पानावरून ठरवत असतो.

आता रुमालाबद्दल. जुन्या बाजारांत भाव रुमालाखाली ठरत. आडत्या आणि खरीददार कापडाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा राहून रुमालाची नक्षी पाही. ही हत्ता पद्धत. नियंत्रित बाजार समित्या आल्या, १९६३ चा राज्याचा कायदा झाला, उघड लिलाव हा नियम ठरला. त्यामागच्या कारणांत हा रुमाल होता. वर एक दिसतं, खाली दुसरं ठरतं, ही तक्रार होती.

वेबवरच्या प्रत्येक पानाला असाच एक रुमाल असतो. आपण पत्ता टाकतो तेव्हा पलीकडच्या यंत्राकडून, म्हणजे सर्व्हरकडून, दोन उत्तरं येतात. एक पान, ते आपण वाचतो. त्याच्या आधी एक तीन अंकी आकडा येतो, तो आपल्याला सहसा दिसत नाही. तो ब्राउझर वाचतो, शोधयंत्रं वाचतात, भाव गोळा करून पुढे पाठवणारे प्रोग्रॅम वाचतात. २०० म्हणजे ‘मागितलंत ते हे घ्या’. ४०४ म्हणजे ‘तुम्ही म्हणता ते माझ्याकडे नाही’. पान माणसासाठी, आकडा यंत्रासाठी. दोघांनी एकच गोष्ट सांगावी अशी अपेक्षा असते.

सुरुवातीला हा आकडा नव्हताच. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेबच्या देवाणघेवाणीचे जे पहिले नियम लिहून काढले, त्यांत सर्व्हरने फक्त पान द्यायचं होतं. चूक झाली तर तीही पानावरच मजकूर म्हणून लिहायची. त्या नियमांत एक प्रांजळ वाक्य आहे, त्याचा आशय असा : चुकीचं उत्तर आणि योग्य उत्तर यांतला फरक मजकूर वाचल्याशिवाय ओळखता येणार नाही. माणसाला ते चालून जातं. यंत्राला मजकूर ‘वाचता’ येत नाही, निदान तेव्हा येत नव्हता. वर्षभरातच, १९९२ च्या मसुद्यात, तीन अंकी आकडे आले.

ते आकाशातून पडले नाहीत. फाइली पाठवण्याच्या आणि ई-मेलच्या नियमांत तसे आकडे आधीपासून होते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या ई-मेलच्या नियमावलीत ते सविस्तर आहेत. पहिला अंक जातकुळी सांगतो, पुढचे दोन तपशील. पण उसना घेताना बर्नर्स-लींनी एक बदल केला आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत रोचक वाटतो. ई-मेलच्या आकड्यांत ४ ने सुरू होणारं अपयश तात्पुरतं असतं, ५ ने सुरू होणारं कायमचं. म्हणजे भेद काळाचा आहे : पुन्हा प्रयत्न करावा की नाही? वेबवर तेच दोन अंक घेऊन त्यांना दुसरा अर्थ दिला. ४ म्हणजे मागणाऱ्याकडून चूक झालेली दिसते, ५ म्हणजे देणाऱ्याला आपली चूक कळली आहे. काळाचा भेद गेला आणि दोषाचा भेद आला. कोण चुकलं हे त्या आकड्यात पक्कं बसलं. ‘व्यत्यय’ या पाटीचा आकडा काढायचाच झाला तर तो पाचशेच्या घरातला निघेल.

सर्नमधल्या चौथ्या मजल्यावर ४०४ क्रमांकाची खोली होती, तिथे पहिला सर्व्हर होता, म्हणून हा आकडा, अशी एक कथा इंटरनेटवर फिरते. बर्नर्स-लींचे तेव्हाचे सहकारी रॉबेर काय्यो यांनी २०१७ साली ती साफ धुडकावून लावली. कथा मात्र मरत नाही. आकडा कंटाळवाण्या तक्त्यातून आला हे लोकांना पटत नसावं.

यार्डात नवीन आलेल्या मुलाला मी हे आकडे गेटवरून समजावतो. बहुतेक संकेतस्थळांना दोन थर असतात. पुढे गेटवरचा माणूस, मागे गाळा. गेटवर एन्जिनएक्स किंवा अपाची नावाचा प्रोग्रॅम बसतो. एन्जिनएक्स इगोर सिसोयेव या रशियन अभियंत्याने २००४ साली सर्वांसाठी खुला केला, अपाची १९९५ पासूनचा. मागच्या गाळ्यात हिशोब करणारा, भाव काढून देणारा प्रोग्रॅम. ट्रक गेटवर येऊन म्हणाला, ‘अमुक नंबरचा गाळा’, आणि तसा गाळाच नाही, तर ४०४. गाळा आहे पण तुम्हाला प्रवेश नाही : ४०३. गाळा होता, आता कायमचा उठला : ४१०. गेटवाल्याने गाळ्याकडे जाऊन पाहिलं तर शटर बंद, किंवा आतून काहीतरी असंबद्ध उत्तर आलं : ५०२. बेल वाजवतोय, वाजवतोय, कुणी येतच नाही : ५०४. आणि ‘आज बंद, उद्या या’ : ५०३. शनिवारी फळ-भाजी विभागाला सुट्टी असते, तेव्हा गेटवर कुणी ‘असा बाजारच नाही’ असं सांगत नाही. ‘उद्या पहाटे या’ म्हणतात. ५०३ बरोबर किती वेळाने यावं हे सांगण्याचीही सोय नियमांत आहे, आणि शोधयंत्रं ते पाहून थांबतात, पान लगेच यादीतून काढून टाकत नाहीत. माझ्या पाहण्यात ही सोय फार थोडे लोक वापरतात.

यावरून दूरदर्शनच्या त्या दुसऱ्या खुबीचा अर्थ लागतो. ५०२ ची पाटी गाळ्यात ठेवून चालत नाही, कारण शटरच बंद आहे. ती गेटवाल्याच्या खणात हवी. तिच्यातलं चित्र, तिचा टंक, काहीही मागच्या प्रोग्रॅमकडून येणारं नसावं. अनेक देखण्या एरर पेजेसची ऐन वेळी उघडीबोडकी अवस्था होते ती यामुळेच : शब्द येतात, साज येत नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. फुलबाजारातली एक पेढी आहे. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात तिचे मालक माझ्याकडे आले. तक्रार अशी की, पुरंदर तालुक्यातल्या एका झेंडूवाल्याने रात्री पेढीच्या पानावर भाव पाहिला, गाडी भरली, पहाटे इथे आला, तर भाव वेगळाच. भाव रोज हलतो हे त्यालाही माहीत होतं. त्याचं म्हणणं होतं की पानावर जो आकडा होता तो त्या दिवसाचा नव्हताच, जुना होता. पेढीवर त्याने आवाज चढवला नाही. हिशोबपट्टी घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, ‘शेठ, नसेल सांगायचं तर नका सांगू, पण जुनं सांगू नका.’ मालकांना ते बोलणं लागलं होतं. त्यांच्या मोबाइलवर पान व्यवस्थित उघडत होतं, आजचा भाव दाखवत होतं. ‘साहेब, तुम्हीच बघा, एरर कुठंय यात?’

संकेतस्थळ दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं होतं. मी सर्व्हरची नोंदवही उघडली. प्रत्येक मागणीची तिथे एक ओळ असते : कुठून आली, कोणता पत्ता मागितला, आकडा काय दिला, किती बाइटचं पान पाठवलं. आठवडाभराच्या ओळींत ‘सापडलं नाही’ची एकही ओळ नव्हती. सगळीकडे २००. मला पहिली शंका तिथेच आली. कोणत्याही चालू संकेतस्थळावर ४०४ येतातच. लोक पत्ते चुकतात, चोर नसलेली दारं ढकलून पाहतात. एकही ४०४ नसलेली नोंदवही म्हणजे एकही नासका नग नसलेली टोमॅटोची जाळी. वरचा थर कुणीतरी लावलेला असतो.

मग मी पानांची वजनं पाहिली. भावाचं पान मागणाऱ्या ओळींचे दोन गट पडत होते. पत्ता तोच दिसत होता, आकडाही २००, पण एका गटाला पाठवलेल्या बाइटची संख्या भावाच्या पानाची होती आणि दुसऱ्या गटाची तंतोतंत मुखपृष्ठाची. म्हणजे काही लोकांनी भावाचं पान मागितलं आणि त्यांना मुखपृष्ठ मिळालं. मुखपृष्ठावर संकेतस्थळ सजवताना नमुना म्हणून टाकलेला एक भावाचा तक्ता होता, आणि तो अधूनमधून, कुणाला आठवलं की बदलला जाई.

कारण कॉन्फिगरेशनच्या फाइलीत एका चिन्हात होतं. एन्जिनएक्सला स्वतःची एरर पेज सांगण्यासाठी एक ओळ लिहितात : आधी ‘एरर पेज’ ही आज्ञा, मग आकडा, मग जे पान दाखवायचं त्याचा पत्ता. एवढं लिहिलं की पान आपलं दिसतं आणि रुमालाखाली आकडा ४०४ च राहतो. पण आकडा आणि पत्ता यांच्यामध्ये नुसतं बरोबरचं चिन्ह घातलं तर अर्थ बदलतो : जे पान दाखवशील त्याचाच आकडा दे. मुखपृष्ठ तर सापडतंच, त्याचा आकडा २००. झालं, ४०४ चं २०० झालं. अपाचीत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडते. तिथे एरर पेजचा पत्ता पूर्ण लिहिला, म्हणजे संकेतस्थळाच्या नावासकट, तर सर्व्हर मागणाऱ्याला ‘तिकडे जा’ असं सांगून मोकळा होतो आणि मूळ ‘नाही’ कुणालाच कळत नाही. गूगलवाले अशा पानांना ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतात. म्हटलं तर हे १९९१ सालात परत जाणं आहे : होकार आणि नकार यांतला फरक मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही, आणि इथे तर मजकूरही होकाराचाच.

ज्याने हे केलं त्याचा हेतू वाईट नसावा. कोऱ्या पांढऱ्या पानावर इंग्रजीत ‘नॉट फाउंड’, खाली एक आडवी रेघ आणि सर्व्हरचं नाव, हे कुणालाच आवडत नाही. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये असं त्याला वाटलं असणार. दुकानदारीत हा चांगलाच गुण आहे. झेंडू मागितला आणि शेवंती दिली तर गिऱ्हाइकाला ते दिसतं. भाव मागितला आणि दुसऱ्या दिवसाचा भाव दिला तर दिसत नाही, एवढाच इथे फरक आहे.

तरी मुख्य प्रश्न उरतोच. पत्ता तोच असताना काहींना पान का सापडत नव्हतं? इथे गोष्ट संगणकाची राहत नाही, मराठीची होते.

पेढीच्या मालकांना पत्ता मराठीत हवा होता. त्यामुळे संकेतस्थळाच्या नावापुढे तिरकी रेघ आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ असा पत्ता केला, हिशोबपट्टीच्या तळाशी छापला. कल्पना मला आजही आवडते. अडचण त्या शब्दाच्या पोटात होती. मराठीत अर्ध्या ‘र’ची दोन रूपं आहेत, आणि त्यांतला फरक आपल्याला शाळेत जेवणाच्या उदाहरणाने शिकवलेला असतो : आचार्यांना वेगळे, आचाऱ्यांना वेगळे. दर्या एक, दऱ्या अनेक. हा ‘ऱ्य’मधला पापणीसारखा ‘र’ हिंदीला लागत नाही. संगणकासाठी जगातल्या लिप्यांचे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिण्याची मुभा आहे. एक, ‘ऱ’ हे अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. हे टिंबवालं अक्षर तक्त्यात खरं तर द्राविडी भाषांतल्या ‘र’साठी आहे, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे आपली पापणी, अशी टीप तिथेच दिलेली आहे. दुसरा मार्ग, साधा ‘र’ घ्यायचा, पाय मोडायचा आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह टाकायचं. त्याला काही रुंदी नसते, ते फक्त ‘इथे रफार करू नकोस, सांधा ठेव’ असं सांगतं. कोणता कळफलक कोणता मार्ग घेतो हे ज्याने कळफलक बनवला त्याच्यावर.

दिसायला दोन्ही एकच. छापून भिंगाखाली धरले तरी भेद दिसणार नाही. यंत्राला मात्र पहिला मार्ग दोन चिन्हांचा, सहा बाइटचा. दुसरा तीन चिन्हांचा, नऊ बाइटचा. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एका रूपात आणण्याचे युनिकोडचे जे ठरलेले नियम आहेत, तेही या दोघांना एक मानत नाहीत. नोंदवहीत मराठी पत्ते टक्क्याच्या खुणा आणि सोळाच्या पायावरचे आकडे अशा वेशात उमटतात. तिथे साध्या ‘र’चा शेवट बी-शून्य आणि ‘ऱ’चा शेवट बी-एक. मी ‘पत्ता तोच दिसत होता’ असं वर म्हटलं ते यामुळे; शंभर-दीडशे अक्षरांच्या त्या रांगेत एक अंक आणि एक शेपूट डोळ्यांना लागत नाही. मालकांचा मोबाइल फाइलीतल्या पत्त्याच्याच मार्गाने ‘ऱ्य’ लिहीत होता. झेंडूवाल्याचा दुसऱ्या. दोघांनी एकच शब्द टाइप केला होता, बिनचूक.

म्हणजे आकड्यांच्या भाषेत दोष मागणाऱ्याकडे, चारशेच्या घरात, आणि प्रत्यक्षात मागणारा काहीच चुकलेला नाही. बर्नर्स-लींच्या त्या दोषविभागणीत ‘लिपी चुकली’ असा खाना नाही. पण आकडा ४०४ राहिला असता, तर पहिल्याच आठवड्यात नोंदवहीत ‘शेतकऱ्यांसाठी’ याच शब्दापुढे ४०४ ची रांग लागली असती आणि कुणीही विचारलं असतं की हे काय. बरोबरच्या त्या चिन्हाने तो पुरावाच पुसला.

दुरुस्ती छोटी होती. बदललेली फाइल चालू करण्याआधी ती तपासणं जास्त महत्त्वाचं. एन्जिनएक्सला ‘-टी’ अशी खूण देऊन चालवलं की तो फाइल वाचून तपासतो, स्वतः चालू होत नाही. अपाचीत यालाच ‘कॉन्फिगटेस्ट’ म्हणतात, तो ‘सिंटॅक्स ओके’ एवढंच पुटपुटतो. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला, महिरपी कंस उघडला आणि मिटला नाही, तर तपासणी ओळीचा क्रमांक सांगते. बऱ्याचदा तो क्रमांक पुढच्या ओळीचा असतो, कारण अर्धविराम न दिसल्याने यंत्र पुढची ओळही आधीच्याच वाक्यात ओढून घेतं आणि तिथे अडखळतं. मराठी मजकुराशेजारी काम करताना आणखी एक गंमत होते : व्हॉट्सअॅपवरून किंवा लेखाच्या फाइलीतून नक्कल करताना तोच अदृश्य सांधा आज्ञेच्या नावात चिकटतो. आज्ञा डोळ्यांना बरोबर दिसते आणि यंत्र म्हणतं, अशी आज्ञा मला ठाऊक नाही. ते खरं बोलत असतं.

तपासणी न करता फाइल बदलून ठेवण्याची सवय धोक्याची आहे, आणि तिचा धोका उशिरा कळतो. चालू सर्व्हर जुनी फाइल डोक्यात धरून चाललेला असतो. त्याला नवी वाचायला सांगितली आणि ती मोडकी निघाली, तर एन्जिनएक्स ती नाकारून जुन्यावरच चालत राहतो. कुणाला काही जाणवत नाही. मग कधीतरी रात्री वीज जाते, यंत्र पुन्हा सुरू होतं, डोक्यातली जुनी फाइल गेलेली असते आणि समोर मोडकीच असते. सर्व्हर उठतच नाही. अशा वेळी एरर पेजही येत नाही, कारण पाटी दाखवणारा गेटवालाच नाही. म्हणून आधी तपास, तो पास झाला तरच नवी फाइल वाच, असे दोन हुकूम एकत्र बांधून ठेवायचे. अपाचीचा पुन्हा सुरू करण्याचा हुकूम ही तपासणी आपणहून करतो.

पण ‘सिंटॅक्स ओके’ म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवं. खाली गाळ्यातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे. त्याचा अर्थ काटा खरं वजन दाखवतो. पोत्यावर ‘राजापुरी हळद’ लिहिलंय आणि आत दुसरीच आहे का, हे शिक्का सांगत नाही. बरोबरच्या चिन्हाची ती ओळ तपासणीत दरवेळी पास होत होती, कारण तिचं व्याकरण शुद्ध होतं. एरर पेज म्हणून जी फाइल सांगितली ती जागेवर आहे का, हेही ‘-टी’ पाहत नाही. नसेल तर ऐन वेळी पुन्हा तेच कोरं इंग्रजी पान येतं, आणि अपाची तर ‘तुमची एरर पाटी शोधतानाही एरर आली’ अशी जोड देतो. आणखी एक सापळा वारशाचा. संपूर्ण संकेतस्थळासाठी चार एरर पेजेस सांगितली आणि एखाद्या उपविभागात एकच वेगळं सांगितलं, तर त्या उपविभागाला वरच्या चारांपैकी एकही मिळत नाही. आपलं एक मांडलं की वडिलोपार्जित सगळं गेलं. व्याकरण इथेही शुद्धच. म्हणून तपासणीनंतर मी प्रत्येक पाटी मुद्दाम ओढवून घेतो : नसलेला पत्ता मागतो, मागचा प्रोग्रॅम बंद करून पाहतो, आणि पानाकडे न पाहता आधी आकडा वाचतो.

पेढीच्या फाइलीत बरोबरचं चिन्ह काढलं. ४०४ ला स्वतःचं मराठी पान दिलं, ते थेट पत्त्याने उघडता येऊ नये अशी खूण केली. मजकूर युटीएफ-८ मध्ये आहे हे सर्व्हरलाही सांगितलं, नाहीतर मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली लॅटिन अक्षरं दिसतात. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात आणखी एक काळजी घ्यावी लागे : पाटी ५१२ बाइटपेक्षा लहान असली की तो ती फेकून स्वतःची दाखवी. त्याला चकवण्यासाठी एन्जिनएक्स आपल्या तयार पानांना अदृश्य ओळींची भर घालतो, अजूनही. मराठीला ही भीती कमी. आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, पावणेदोनशे चिन्हांत मजल गाठली.

पाटीचे शब्द ठरवायला मात्र सर्वांत जास्त वेळ गेला. अपाचीबरोबर अनेक भाषांतल्या तयार पाट्यांचा एक संच येतो. त्यात आयरिश आहे, सर्बियन आहे, कोरियन आणि तुर्कीही आहे. एकही भारतीय भाषा नाही. तेव्हा घडवायचे तर आपणच. मालकांची पहिली पसंती ‘तांत्रिक अडचणीमुळे’ने सुरू होणाऱ्या वाक्याला होती. या शब्दजोडीला मी घाबरतो, कारण ती कुणाचाच दोष सांगत नाही आणि पुढे काय करायचं तेही सांगत नाही. ‘आपण चुकीचा पत्ता टाकला आहे’ हे आकड्याच्या अर्थाशी इमानी, पण झेंडूवाल्याला ते सांगण्याचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही. ‘पान अस्तित्वात नाही’ हे खोटं, कारण पान होतं. मराठीत ‘सापडणे’ या क्रियापदाची एक सोय आहे : ‘मला सापडलं नाही’ म्हटलं की न सापडण्याचा भार बोलणाऱ्याकडे येतो. शेवटी ठरलं ते असं : ‘या पत्त्यावरचं पान आम्हाला सापडलं नाही. इथे आजचा भाव नाही. भावासाठी खालील ओळीवर बोट ठेवा किंवा पेढीवर फोन करा.’ मधलं वाक्य मालकांनी सुचवलं. मुखपृष्ठावरचा नमुन्याचा तक्ताही त्यांनीच काढायला सांगितला.

‘शेतकऱ्यांसाठी’च्या दोन्ही रूपांना एकाच पानाकडे वळवणारी ओळ लिहिली. दोन दिवसांनी नोंदवही उघडली तर खरे ४०४ दिसू लागले होते, आणि त्यांत तिसरं रूप निघालं : ज्यांच्या मोबाइलवर पापणीचा ‘र’ सापडत नाही ते रफार देऊन मोकळे होतात आणि ‘शेतकर्यांसाठी’ लिहितात. त्यालाही ओळ दिली. अनुस्वार राहिलेलं एक चौथं रूप आहे, ‘साठी’ तोडून लिहिलेलं पाचवं. त्या दोघांना सध्या पाटीच दिसते. पेढीवरचा फोन मालकांचा मुलगा उचलतो आणि रोजच्या हिशोबाच्या वहीत, फुलांच्या आवकेखाली, पाटी पाहून फोन आला की एक काडी मारतो.